तुमच्यात मोठा कोण होता?

व्हिडिओ मला पहिल्यांदा दाखवला तो आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या शिपाईभाऊंनी. सोमवारी सकाळी, मी खुर्चीत टेकायच्या आत.

"सर, आपले पोट्टे फेमस झाले नं," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

धान कापून मोकळं झालेलं एक शेत. शेताच्या कडेला उभे केलेले पाचसहा दगड, त्यातले दोन माणसाच्या उंचीचे. एका उंच दगडाच्या माथ्यावर आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन उभा, दोन्ही हातांनी डोक्यावर चषक धरून. मागे सिनेमातलं गाणं. दगड डोलतो, कॅप्टन बाजूला उडी टाकतो, दगड सावकाश आडवा होतो आणि शेजारच्या ठेंगण्या दगडावर आपटून त्याचे दोन तुकडे होतात.

दगड पडल्याचा मला धक्का बसला नाही. तो पडणार हे गाणं सुरू झाल्यापासून दिसतच होतं. धक्का बसला तो त्यानंतरच्या हसण्याचा. अकरा खेळाडू आणि चार राखीव, अशा पंधरा जणांचं हसणं होतं ते, आणि त्यात एकाचाही घसा अडकला नव्हता. कुणीतरी "गोल!" म्हणून ओरडलं. मग फोन उलटा फिरला आणि व्हिडिओ काढणाऱ्याचा चेहरा दिसला. आमचा गोलकीपर. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं रंगलेले दात दाखवत तोही हसत होता.

त्याच्या खांद्यामागे रस्त्यावर उभी असलेली आमची पांढरी मिनीबस दिसत होती. तिच्या तिसऱ्या खिडकीत एक कोपर होतं, निळ्या चौकड्यांच्या बाहीतलं, आणि कोपराशेजारी उघडं पुस्तक. तो निळ्या चौकड्यांचा शर्ट त्या क्षणी माझ्या अंगावर होता.

शिपाईभाऊंच्या ते ध्यानात आलं नाही. नंतरही कुणाच्या आलं नाही. सगळे दगड बघत होते.

मी इतिहास शिकवतो. इतिहासाच्या मास्तराला फुटबॉलबरोबर का पाठवलं, तर आमच्या क्रीडा संचालकांची कंबर धरली होती, आणि इतिहासवाल्याला एरवी काही काम नसतं असा कॉलेजात समज आहे. समज फारसा चुकीचा नाही. स्पर्धा सिरोंच्याला होती. आमचं कॉलेज कोळशाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी. तिथून सिरोंचा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या एका टोकाकडून निघून गडचिरोलीच्या शेवटच्या टोकाला जायचं. पुढे गोदावरी, आणि गोदावरीपलीकडे तेलंगणा. पंचांनी निम्मे इशारे तेलुगूत दिले, आमच्या मुलांनी निम्मे फाऊल हिंदीत नाकारले, आणि शेवटी आम्ही जिंकलो.

परतताना आलापल्लीच्या अलीकडे जंगलात टायर बसला. त्या रस्त्यावर टायर बसणं हा प्रवासाचाच एक भाग धरतात. ड्रायव्हर स्टेपनी काढायला लागला. मुलं पाय मोकळे करायला उतरली. मी बसमध्येच बसलो.

आता कोळशाच्या कॉलनीतली मुलं कशी असतात हे सांगायला हवं. त्यांना गोलपोस्ट कुणी बांधून देत नाही, ती त्यांना शोधावी लागते. दोन विटा, दोन चपला, कोळसा वाहणाऱ्या, भंगारात निघालेल्या पट्ट्याचे दोन खांब, कुणाच्या तरी लग्नमांडवाच्या दोन बल्ल्या. दोन उभ्या गोष्टी आणि मधे सातआठ पावलं मोकळी जागा दिसली की त्यांच्या पायांना खाज सुटते. लहानपणापासून त्यांची नजरच तशी तयार झालेली असते. जंगलातल्या त्या शेतात त्यांना दोन उंच दगड दिसले, मधे सातआठ पावलं. त्यांना ती गोलपोस्ट दिसली. पाच मिनिटांत दगडांवर कॉलेजचं नाव छापलेल्या जर्सी टांगल्या गेल्या आणि पेनल्टी सुरू झाल्या. मग चषक निघाला, मग फोन निघाला.

ते दगड माडिया आदिवासींचे होते. माणूस गेला की त्याचे भाऊबंद डोंगरातून दगड निवडून आणतात आणि गावाबाहेर त्याच्या नावानं उभा करतात. मी दरवर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला महापाषाण संस्कृती शिकवतो आणि दरवर्षी एक वाक्य म्हणतो, की ही परंपरा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आजही जिवंत आहे. मुलं लिहून घेतात. दोन मार्कांना येतं.

सोमवारी दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिस्तपालन समिती बसली. प्राचार्य, कमरेला पट्टा बांधलेले क्रीडा संचालक आणि मी. समितीसमोर अडचण मोठी होती. बुधवारी विजयी संघाचा भव्य सत्कार ठरलेला होता आणि संस्थेचे अध्यक्ष येणार होते. फ्लेक्स छापून झाला होता. आमच्या संस्थेत छापलेला फ्लेक्स म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, त्यावर अपील नाही. फ्लेक्सवर अध्यक्षांचा चेहरा चषकाच्या चौपट होता आणि कॅप्टनचा चषकाएवढा. कॅप्टनचे वडील कंत्राटदार. सत्काराचा मांडव त्यांनीच दिला होता.

"दगडाचं काय ते बघू," प्राचार्य म्हणाले. "जंगलात दगडांना काय तोटा. पण व्हिडिओ कुणी काढला? व्हिडिओ निघाला नसता तर कॉलेजची बदनामी झाली असती का? नसती."

क्रीडा संचालकांनी मान हलवली आणि कमरेत कळ आली म्हणून थांबवली. मी त्या युक्तिवादाकडे बघतच राहिलो. एखाद्या घराला आग लागावी आणि ज्यानं बोंब मारली त्याला धरून न्यावं, असला तो प्रकार होता. पण मी बोललो नाही. माझ्या शर्टाची बाही मी टेबलाखाली धरली होती.

कॅप्टन आणि गोलकीपर, दोघांना आत बोलावलं. गोलकीपर माजरीकडचा, बौद्ध घरातला. बाप कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर कंत्राटी मजूर, आई शाळेत खिचडी शिजवते. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता.

"व्हिडिओ कोणी काढला?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी, सर."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मुलानं कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टननं भिंतीवरच्या महापुरुषांच्या तसबिरींकडे पाहिलं.

"कोणी नाई सांगतलं. मीच काढला."

"अन् हासत काऊन होता बे?" क्रीडा संचालक ओरडले.

"सगळेच हासून राह्यले होते, सर."

"मंग आता हास नं."

"आता नाई येत."

दोघं बाहेर गेल्यावर निर्णय झाला. कॅप्टनला तोंडी समज. गोलकीपरला कॉलेजातून कमी करायचं, दाखला हातात द्यायचा. परीक्षा तीन महिन्यांवर होती आणि शेवटच्या वर्षात मधेच दाखला हातात आला तर दुसरं कॉलेज दारात उभं करत नाही, हे केबिनमधल्या तिघांनाही माहीत होतं. दाखला बुधवारी द्यायचा नाही, कारण बुधवारी त्याचाही सत्कार होता. आधी शाल, मग गुरुवारी दाखला. प्राचार्यांनी हे अगदी सहज सांगितलं, जेवणाआधी हात धुवायचे आणि मग पानावर बसायचं तसं.

"फक्त तुमचा अहवाल लागेल, सर," ते मला म्हणाले. "तुम्ही मॅनेजर. दोनच ओळी लिहा. प्रवासानं थकून तुम्हाला झोप लागली होती आणि तुमच्या नकळत त्या मुलानं व्हिडिओ काढला. म्हणजे तुमच्यावरही काही येत नाही."

मी लिहिलं. 'प्रदीर्घ प्रवासामुळे प्रस्तुत प्राध्यापक निद्राधीन झाले असता', अशी सुरुवात केली. खोटं बोलायचं असलं की माझी मराठी फार शुद्ध होते.

मला झोप लागली नव्हती. मुलं शेतात उतरली तेव्हा मी पुस्तकातून मान वर केली होती. दगड दिसले. ते कसले हे मी तत्काळ ओळखलं, आणि ओळखल्याचा मला आनंदही झाला. मनात माझंच वाक्य आलं, आजही जिवंत आहे. मग त्यांच्यावर जर्सी टांगल्या गेल्या. मग कॅप्टन वर चढला. मी हे सगळं पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली. हसणं ऐकलं तेव्हा मी त्याच ओळीवर होतो.

मंगळवारी दुपारी गोलकीपरची आई कॉलेजच्या फाटकाशी भेटली. खिचडीची भांडी आवरून तशीच आली होती, हाताला हळद होती. दाखल्याची बातमी ऑफिसातून तिच्यापर्यंत पोचली होती.

"सर, तुमी गेले होते नं पोट्ट्यायसंग?"

"हो."

"मारा त्याले. दोन लाता घाला, मी काही नाई म्हणत. माफी मांगाले लावा. पण दाखला नोका देऊ. शेवटचं वर्ष हाये त्याचं."

"बघतो," मी म्हणालो. बघतो हा शब्द नोकरीत तीस वर्षं माझ्या उपयोगी पडला आहे. ती "बरं" म्हणून गेली. तिनं त्या शब्दावर विश्वास ठेवला.

बुधवारी सत्कार झाला. मांडव, मखमली खुर्च्या, फटाके. खेळाडूंना उघड्या जीपमधून फाटकापासून मांडवापर्यंत आणलं. अंतर चाळीस पावलं असेल. मॅनेजर म्हणून मीही मंचाच्या पहिल्या रांगेत होतो, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. शाल आणि नारळ मिळालेल्या माणसाला दोन्ही हातांचं काय करावं हे कळत नाही, म्हणून बहुधा सत्कारमूर्ती इतके नम्र दिसतात.

कार्यक्रम सुरू झाल्यावर तिघं जण मांडवात आले. पांढरा सदरा आणि खांद्यावर टॉवेल घेतलेला एक म्हातारा, हिरव्या लुगड्यातली एक बाई आणि खांद्याला पर्स लटकवलेली पंचविशीतली एक मुलगी. आमच्या स्वागत समितीच्या मुली फार तत्पर. त्यांनी तिघांच्या हाती गुलाब दिले, छातीला 'सन्माननीय पाहुणे' असे बिल्ले लावले आणि त्यांना प्रेक्षकांच्या दुसऱ्या रांगेत बसवलं. म्हाताऱ्यानं बिल्ल्याकडे मान वाकवून पाहिलं आणि तो राहू दिला.

अध्यक्षांचं भाषण शिस्तीवर होतं. फुटबॉल माणसाला शिस्त शिकवतो, शिस्त राष्ट्र घडवते, आणि राष्ट्र घडवण्याच्या कामी त्यांची संस्था कशी कमी पडलेली नाही, असं त्यांनी पाऊण तास सांगितलं. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक आभाराकडे वळणार तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली.

"आमाले एक विचाराचं हाये," ती म्हणाली.

"ताई, प्रश्नोत्तरं नाहीत," सूत्रसंचालक म्हणाला.

"प्रश्न एकच हाये जी."

अध्यक्ष प्रसन्न होते. "विचारू द्या, विचारू द्या. ग्रामीण भागातल्या महिला पुढे येताहेत."

तिच्या हातात माइक दिला गेला. "मी तिकडच्या गावची अंगणवाडीताई. हे आमचे पाटील. आन् ह्या बाईच्या नवऱ्याचा दगड होता तो, तुमच्या पोट्ट्यायनं पाडला तो."

फटाके उडवणारा मुलगा काडी हातात धरून थांबला. मंचावर पंधराच्या पंधरा खेळाडूंनी माना खाली घातल्या. प्राचार्य माझ्या शेजारी होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल, पोलीस, मोर्चा, पेपर. मनात हे सगळं झालंसुद्धा.

मुलीनं शांतपणे विचारलं, "त्या दिवशी ह्यायच्या संगं मोठा कोण होता?"

"म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमच्या गावात पोट्ट्यायनं काही केलं तं पोट्ट्यायले नाई बोलावत. ज्याच्या संगं आले त्याले बोलावते. पाटील त्याले न्याले आले."

कुणी माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मंचावरच्या पंधरा खाली घातलेल्या माना वर झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मग पहिली रांग वळली, मग दुसरी. पाटलांनीही पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बसस्टँडवर घ्यायला आलेल्या माणसानं ज्याला घ्यायचं त्याला ओळखावं, तसे ते बघत होते. माझ्या मांडीवरचा नारळ घरंगळून खाली पडला आणि मंचाच्या फळ्यांवरून गडगडत गेला. त्याचा आवाज माइकनं पूर्ण मांडवाला ऐकवला.

अध्यक्षांनी प्रसंग सांभाळला. काय मागितलं आहे हे न कळताच त्यांनी जाहीर केलं, की संस्था गावाला संपूर्ण सहकार्य करेल. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांचाच मला उपयोग झाला. मी प्राचार्यांच्या कानात म्हणालो, "मग गावाचा निकाल होईपर्यंत दाखला थांबवावा लागेल." अध्यक्षांचे शब्द अजून हवेत होते. प्राचार्यांना हो म्हणावं लागलं.

मांडवाबाहेर मी पाटलांना विचारलं, "कधी येऊ?"

त्यांनी माडियात काही सांगितलं. ताई म्हणाली, "म्हणते, तुमाले जमन तेव्हा या. दगड काही उठून नाई जात."

रविवारी निघालो. गावानं मला एकट्याला बोलावलं होतं. मिनीबसपाशी पोचलो तर गोलकीपर आधीच आत बसलेला. मग एकेक करत बारा जण आले. कॅप्टन सगळ्यांत शेवटी, मोटरसायकलवरून, घरी न सांगता. वाटेत कुणी गाणं लावलं नाही. पाच तास मी त्या मुलांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. वर्गात तर नाहीच.

गोटुलात बैठक बसली. गोटुल म्हणजे गावाच्या मधोमध खांबांवर उभं मोकळं छप्पर, गावाचं सगळं बोलणं तिथं होतं. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. मला मधे बसवलं. मुलं बाहेर, कडेला. ती बाई बायांमधे बसली होती, हातात मोहाच्या पानांचा गठ्ठा घेऊन पत्रावळ टाचत होती. टाचणं तिनं शेवटपर्यंत थांबवलं नाही.

पाटील बोलायला लागायच्या आत कॅप्टन उभा राहिला. "दगडावर मी चढलो होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. मला वाटतं, पाच तास तो हेच वाक्य पाठ करत आला होता.

पाटलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हातानंच खूण केली. ताई म्हणाली, "बस भाऊ. तुले कोणी नाई विचारलं."

तो बसला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये तो तसबिरींकडे बघत उभा होता तेव्हा मी त्याच्या तोंडावर जी शरम पाहायला तरसलो होतो ती मला आत्ता दिसली, आणि त्यात मला काडीचंही समाधान मिळालं नाही. त्याचं कबूल करणंही त्या बैठकीला नको होतं. तो हिशेब माझ्याकडे होता.

ताईनं एकेक प्रश्न मराठीत करून मला दिला.

"तुमी कुठी होते?"

"बसमधे."

"झोपले होते?"

माझ्या खिशात अहवालाची प्रत होती. निद्राधीन. ती मी का बरोबर आणली होती कोण जाणे. कदाचित वाचून दाखवायचीच होती.

"नाही," मी म्हणालो.

"मंग पाह्यलं?"

"पाहिलं."

"दगड कायचा हाये, तुमाले ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. मी तेच शिकवतो."

ताईनं हे माडियात सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना ती क्षणभर अडखळली, मग तेही सांगितलं. बाहेर मुलांच्यात हालचाल झाली. मी वळून पाहिलं तर गोलकीपर टक लावून माझ्याकडे बघत होता. त्याच्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात ती बाई पहिल्यांदाच बोलली. पान टाचता टाचता, मान वर न करता, दोनतीन वाक्यं. पाटलांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"काय म्हणाल्या?" मी ताईला विचारलं.

"जाऊ द्या सर."

"सांगा."

"म्हणते, पोट्ट्यायले ठाऊक नवतं. ह्याले ठाऊक होतं. तं मंग पाडला कोणं?"

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा हे शिकवण्याचा पगार घेतला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं पत्रावळ टाचता टाचता ते तीन वाक्यांत केलं, आणि त्यात खोडून काढण्यासारखं एक अक्षर नव्हतं.

निकाल पाच मिनिटांत लागला. नवा दगड आणायचा. निवडणार ती बाई. आणणार मी, आणि माझ्याबरोबर जे आले ते.

डोंगर कोसभर होता. बाई पुढे, आम्ही मागे. तिनं पहिला दगड हातानं थोपटून पाहिला आणि सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्यापाशी उभी राहिली, त्याच्यावर पाठ टेकून उंची पाहिली आणि मान हलवली. तो तिच्याहून वीतभर उंच होता. नवरा तेवढा उंच असावा. बल्ल्यांना दोर बांधून दगड उचलला. पुढचा खांदा मी दिला, कारण पाटलांनी तिथंच बोट दाखवलं होतं. वीस पावलांत माझा दम गेला. मागचा गोलकीपर म्हणाला, "सर, बल्ली जरा माझ्याकडं सरकवा," आणि मी सरकवली. कॅप्टन बल्ली बदलताना पायानं दगड ढकलायला गेला तर एक म्हातारा मोडक्या मराठीत ओरडला, "हे, बॉल नाही ते! हात लाव, हात!" गावातली पोरं हसली. मग आमची मुलंही थोडं हसली, घाबरत घाबरत.

दगड उभा केला, तळाशी माती ठोकली, जुन्या दगडाचे दोन्ही तुकडे त्याच्या पायाशी ठेवले. बाई लांब जाऊन बघून आली. "वाकडा हाये म्हणते," ताईनं सांगितलं. पुन्हा खणला, पुन्हा उभा केला. तिसऱ्या खेपेला ती काही बोलली नाही, तेव्हा कळलं की सरळ झाला. संध्याकाळी तिनंच टाचलेल्या पत्रावळींवर आम्हाला भात आणि डाळ वाढली. माझ्या पानात वाढताना तिचा हात इतरांच्या पानात वाढताना होता तसाच होता. त्याचाही मला धक्का बसला, खरं सांगायचं तर.

निघताना ताईनं अंगणवाडीच्या वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं: 'दोष सरांचा होता. सरांनी बैठकीत कबूल केला. दगड उभा झाला. पोरांशी आमचं काही नाही.' खाली पाटलांचा आणि बाईचा अंगठा.

सोमवारी तो कागद आणि माझा नवा अहवाल मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोन्ही दोनदा वाचले. चष्मा काढला.

"हे काय करून ठेवलंत सर? झोपलेला मॅनेजर चालतो. जागा मॅनेजर मी कुठं बसवू?"

"अहवालात."

"अहो, नमुन्यात 'दोषी विद्यार्थ्याचे नाव' असाच रकाना आहे! शिक्षकाचा रकानाच नाही!"

मोठ्या बाबूंना बोलावलं गेलं. त्यांनी बराच विचार करून 'विद्यार्थ्याचे' या शब्दावर लाल रेघ मारली, वर आपली छोटी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तक्रारदारानंच मुलांना सोडलं होतं आणि अध्यक्षांनी माइकवर सहकार्याचं वचन दिलं होतं. दाखला द्यायला आता कुणाकडे कारण उरलं नव्हतं. तो तयार दाखला बाबूंनी माझ्यासमोर फाडला, चार तुकडे केले. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, शिस्तपालन समितीतून काढलं गेलं, आणि यापुढे कुठल्याही संघाबरोबर मला पाठवू नये असा ठराव झाला. ठराव योग्यच होता. मी त्याच्या बाजूनं मत दिलं असतं, पण तोवर समितीत नव्हतो.

आठवड्यानं गोलकीपर कॉलेजातल्या माझ्या खोलीत आला. आभार मानायला आला असेल या कल्पनेनं मी आधीच अवघडलो होतो. तो आभार मानायला आला नव्हता.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"तुमी एक आवाज काऊन नाई देल्ला?"

मी जे खरं होतं ते सांगितलं. "मला वाटलं, मी ओरडलो आणि तुम्ही ऐकलं नाही तर? पंधरा जणांसमोर माझी काय शोभा राहील?"

मोठी माणसं याची भीती बाळगतात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं, असं दिसलं.

"आयकलं असतं, सर," तो म्हणाला. मग थोडा विचार करून प्रामाणिकपणे म्हणाला, "कॅप्टननं नसतं आयकलं एखांद्या वक्ती. पण आमी चौदा जनायनं आयकलं असतं."

परीक्षेचे फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता. ऑफिसची खिडकी एकला बंद होते. तो उठला आणि धावत तिकडे गेला.